अकरा एकटे

लेनिनाकानच्या मोज्यांच्या कारखान्यात
वार्सेनिक हिशेब लिहायची.
दिवसभर जोड मोजायचे: डावा, उजवा, एक नग.
एक जरी सुटा उरला की चौकशी.

संध्याकाळी सगळे गेले की
फेलिक्स यंत्रावरचं फडकं काढून
कारखान्याशी काही देणंघेणं नसलेला आकडा
ती खिडक्यांत उभा करी:
अकरा वेळा एक.

तिच्या भाषेत तो घोळक्यांनी चालतो,
पुढे दोघे, मागे तिघे, तिघे, तिघे.
आपल्यात म्हणून पाहा:
अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख
अकरा हजार एकशे अकरा.
आपल्याकडे तो जोडीजोडीनं येतो
आणि शेवटच्या दोघांत एक तिसरा घुसतो.
आकडा तोच. त्याला कुठलीच भाषा येत नाही.

तिला तो पावाच्या रांगेसारखा दिसे.
अकरा माणसं, एका उंचीची,
कुणी कुणाचं नाही.
याला भाग जाणार नाही, असं तिला वाटे.
खरं तर, जाऊ नये असं.

मूठ उलटी फिरवायची. वजा, वजा, वजा.
प्रमाणाबाहेर काढून घेतलं की यंत्र घंटी वाजवतं,
मग एक फेरा परत द्यायचा,
शेजारणीकडून जास्त आणलेली साखर
वाटीनं परत करावी तसा.

पहिला हिवाळा सरळ वाटेनं गेला:
सात, तेरा, सतरा, एकोणीस.
प्रत्येकाची बाकी वहीत.
मग एकदा मागच्या पानावर
तिनं धाकटी भावंडं फोडून पाहिली.
पाच एक: एकेचाळीस गुणिले दोनशे एकाहत्तर.
सात एक: दोनशे एकोणचाळीस
गुणिले चार हजार सहाशे एकोणपन्नास.
पाचांच्या तुकड्यांना पाचानं भागा, एक उरतो.
सातांच्या तुकड्यांना सातानं भागा, एक उरतो.
तिनं पेन्सिल खाली ठेवली.

म्हणजे अकरांना फोडणारा कुणी असलाच
तर भेदी घरचाच,
अंगावर तीच खूण वागवणारा:
अकरानं भागून एक, बावीसनं भागूनही एक.
का, ते तिला सिद्ध करता येईना.
पण हिशेबनिसाला खूण पुरते.

तेवीस. सदुसष्ट. एकोणनव्वद. एकशे नव्याण्णव.
दुसरा हिवाळा. तिसरा.

फेब्रुवारी होता, नळ गोठले होते,
बोटांवर फुंकर मारत ती
बावीसच्या नऊशे चौऱ्याऐंशीव्या पायरीवर पोचली.
एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास.
पाच फेरे. एक. तीन. दोन. तीन.
मग नऊ,
आणि खिडक्यांत नुसती शून्यं.
दहावा फेरा तिनं फिरवलाच नाही.

ताळा पाहिला. चार पंचे वीस, म्हणजे दोन.
अकरा एकांचेही दोनच.
जुळला.
ती बराच वेळ तशीच बसून राहिली,
कोट न चढवता, मुठीवर हात ठेवून,
आपणच चहाडी केल्यासारखी.

भाचा ह्राचिक येरेवानहून आला तेव्हा म्हणाला,
मावशी, हे तर पुस्तकात कधीचं छापलंय.
ती लवाशची कणीक मळत होती.
हेही कधीचं माहीत आहे सगळ्यांना, ती म्हणाली,
म्हणून आज जेवणार नाहीस का?

पुढे तेरा एक घेतले.
ते चहा निवायच्या आत फुटले,
त्रेपन्ननं, मग एकोणऐंशीनं;
तिला त्यांचा थोडा रागच आला.

एकोणीस एक मात्र यंत्रात मावत नाहीत,
खिडक्या तेराच.
ते तिनं स्वयंपाकघराच्या दारामागे
खडूनं लिहून ठेवले, एका ओळीत.
त्यांना खरंच भाग जात नाही.
हे तिला कुणी सांगितलं नाही,
तिनंही कुणाला विचारलं नाही.
दार उघडलं की ते भिंतीकडे तोंड करून उभे राहत,
लावलं की परत स्वयंपाकघरात.